ताठरतेची तक्रार: कुठून सुरुवात करायची, कोणाकडे जायचं, गोळी कशी घ्यायची

लिंगाच्या ताठरतेची तक्रार घेऊन पुरुष डॉक्टरांसमोर बसतो, तोवर बरंच काही करून झालेलं असतं. मित्राने दिलेली अर्धी गोळी घेऊन पाहिलेली असते, एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरच्या नंबरवर फोन झालेला असतो, घरात झोपायच्या वेळा वेगळ्या झालेल्या असतात. डॉक्टरांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तो पहिला लागायला हवा, कारण या तक्रारीमागे बऱ्याचदा मधुमेह, रक्तदाब किंवा रोहिण्यांचा (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांचा) आजार दडलेला असतो. तो वेळेत सापडणं हे ताठरता परत येण्याइतकंच मोलाचं आहे.

लाज वाटते, हे खरं. पण ही तक्रार विरळ नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्के जणांना ती कमीअधिक प्रमाणात होती. तुमच्या डॉक्टरांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

‘कमजोरी आली आहे’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. या एका शब्दाखाली वेगवेगळ्या तक्रारी येतात. लिंग पुरेसं ताठ न होणं किंवा ताठ होऊन मध्येच सैल पडणं, ही ताठरतेची तक्रार. वीर्य फार लवकर बाहेर पडणं हे शीघ्रपतन. बोलताना लोक याला ‘टायमिंग कमी’ म्हणतात. संबंधाची इच्छाच होत नाही, ही तिसरी गोष्ट. ताठ झाल्यावर लिंग एका बाजूला वाकतं, दुखतं, कातडीखाली टणक पट्टा हाताला लागतो, ही चौथी. प्रत्येकीचा उपचार वेगळा. दोन तक्रारी एकमेकींत गुंतलेल्याही असतात: ताठरता जाईल या धास्तीने माणूस घाई करतो आणि मग त्याला वाटतं, आपल्याला शीघ्रपतन आहे. तिथे ताठरतेचा उपचार केला की घाई बहुधा आपोआप ओसरते.

एखाद्या रात्री जमलं नाही, दोनदा जमलं नाही, याला आजार म्हणत नाहीत. रात्रपाळी, प्रवास, दारू, घरातलं आजारपण, नव्या लग्नातला ताण, यातलं काहीही पुरतं. तक्रार तीन महिने सतत राहिली तर तपासणी करायची. अपवाद दोन: अपघातात कमरेला किंवा ओटीपोटाला मार बसल्यावर, किंवा प्रोस्टेट, मूत्राशय, गुदाशय यांच्या शस्त्रक्रियेनंतर हे सुरू झालं असेल तर वाट पाहू नका.

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन आठवडे एक छोटी नोंद ठेवा. मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल. रोज सकाळी जाग आल्यावर ताठरता होती का, ते लिहा. संबंधाच्या किंवा हस्तमैथुनाच्या वेळी ती किती होती, तेही लिहा. त्यासाठी डॉक्टर १ ते ४ अशी मोजपट्टी वापरतात. १ म्हणजे आकार वाढतो पण कडकपणा नाही. २ म्हणजे सोललेल्या केळ्याइतकं, म्हणजे कडक आहे पण आत जाण्याइतकं नाही. ३ म्हणजे सालीसकट केळं, आत जाईल पण पूर्ण कडक नाही. ४ म्हणजे काकडी. हे आकडे पुढे औषधाचा गुण आला की नाही ते ठरवायलाही उपयोगी पडतात.

सकाळच्या नोंदीला इतकं महत्त्व का? झोपेत, स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. मनातल्या भीतीचा तिथे फारसा शिरकाव नसतो. सकाळी ४ आणि एकट्याने असताना ४, पण जोडीदारासोबत २, असं असेल तर शिरा-रोहिण्या ठीक आहेत आणि अडसर बहुधा मनाचा आहे. सकाळीही, एकट्यानेही, सगळीकडेच वर्षा-दोन वर्षांत हळूहळू कमी होत गेलं असेल, तर शोध शरीरात घ्यायचा. हा नियम शंभर टक्के नाही. झोप नीट होत नसेल किंवा नैराश्य असेल तर सकाळची ताठरताही जाते. आणि चाळिशीनंतर दोन्ही कारणं हातात हात घालूनच येतात: आधी शुगरमुळे थोडं कमी होतं, मग त्याची भीती बसते आणि उरलेलंही जातं.

ताठरता येते कशी, अडते कुठे

लिंगात स्पंजासारख्या दोन नळ्या आहेत. एरवी त्यांतले बारीक स्नायू आवळलेले असतात, म्हणून रक्त जेमतेम वाहतं. उत्तेजना आली की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रोहिण्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. त्यामुळे पेशींत सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन वाढतं, स्नायू सैलावतात, नळ्या रक्ताने भरतात. भरलेल्या नळ्या बाहेरच्या जाड आवरणावर दाबल्या जातात आणि मधल्या शिरा बंद होऊन रक्त आतच अडकतं. पीडीई-५ नावाचं विकर (एन्झाइम) हे रसायन मोडून टाकतं आणि सगळं पूर्ववत होतं. नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचं काम करतो या शोधाला १९९८ साली नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये पीडीई-५ ला अडवणारी सिल्डेनाफिलची गोळी अमेरिकेत मंजूर झाली. मुळात तिची चाचणी छातीतल्या कळांवर चालली होती.

आता अडसर कुठे कुठे येतो ते सहज लक्षात येईल. मधुमेह दोन्हीकडून मारतो: मज्जातंतू बधिर करतो आणि रोहिण्यांचं अस्तर खराब करतो. उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि तंबाखू रोहिण्या अरुंद आणि कडक करतात. निकोटीन रोहिण्या आक्रसवतं, आणि ते विडीतून आलं काय, मळलेल्या तंबाखूतून आलं काय किंवा मशेरीतून आलं काय, रक्तात पोहोचतंच. ‘मी सिगारेट ओढत नाही, फक्त खातो’ असं सांगणाऱ्याला यात सवलत नाही.

इथे एक मोजमाप प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. हृदयाच्या रोहिण्यांचा व्यास साधारण ३ ते ४ मिलिमीटर असतो, लिंगातल्या रोहिण्यांचा १ ते २. कीट सगळीकडे सारखंच साचतं, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरतेची तक्रार छातीतल्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसू शकते. चाळिशीतल्या माणसाच्या हातात ही वर्षं असतात. चोरून गोळी घेऊन वेळ मारून नेली तर तीच वर्षं वाया जातात.

औषधांमुळेही हे होतं, आणि हे कारण नेहमी सुटून जातं. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल, क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, स्पायरोनोलॅक्टोन. नैराश्य आणि चिंतेवरच्या फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्झेटिन, एस्सिटॅलोप्राम. मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन. केस गळू नयेत म्हणून घेतात ती फिनॅस्टेराइड. यातली एखादी सुरू केल्यापासून तक्रार असेल तर तारखा जुळवून पाहा. पण गोळी स्वतःहून बंद करू नका. रक्तदाबाची गोळी अचानक सोडल्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टर त्याऐवजी दुसऱ्या गटातली, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन किंवा नेबिवोलॉल, देऊ शकतात.

बाकी कारणं थोडक्यात: टेस्टोस्टेरॉन कमी होणं, प्रोलॅक्टिन वाढणं, थायरॉइडचा बिघाड, मूत्रपिंडाचा जुना आजार, मणक्याची इजा, रोजची दारू, पोटाचा वाढता घेर. आणि घोरणं. झोपेत श्वास अडकून दिवसभर पेंगणाऱ्या माणसाची ताठरताही बिघडलेली आढळते, म्हणून घोरण्याबद्दल आवर्जून सांगा.

मनाचं कारण म्हणजे खोटं कारण नाही. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, आणि तेच अ‍ॅड्रेनालिन लिंगातले बारीक स्नायू आवळून धरतं. ‘आज जमेल ना?’ असं स्वतःला विचारत बसणारा माणूस न कळत तीच कळ दाबत असतो. तरुण मुलांमध्ये याला आणखी एक जोड असते: लहानपणी हस्तमैथुन केलं, लघवीतून धातू जातो, म्हणून आपण संपलो, ही समजूत. भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य रक्तापासून थेंबाथेंबाने बनत नाही, बाहेर पडल्याने ताकद जात नाही, हस्तमैथुनाने लिंग बारीक किंवा ढिलं होत नाही. मात्र या समजुतीने आलेली भीती खरी असते आणि तिच्यावर उपचार होतात.

कोणत्या दारात जायचं

पहिलं दार फॅमिली डॉक्टरांचं, किंवा मेडिसिनमध्ये एम.डी. केलेल्या फिजिशियनचं. बहुतेकांचं काम इथेच होतं. ओळखीच्या डॉक्टरांसमोर बोलणं जड जात असेल तर शेजारच्या तालुक्याच्या गावी जा, पण जा. खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी मोफत तपासतात. तिथे कारण सांगायचीही गरज नाही, आणि अर्धी तपासणी तिथेच होऊन जाते.

लिंग वाकडं होत असेल, मार लागला असेल, शस्त्रक्रियेनंतरची तक्रार असेल किंवा गोळ्यांनी गुण आला नसेल तर युरोलॉजिस्ट. हार्मोनचा अहवाल बिघडलेला असेल तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट. सकाळची ताठरता चांगली आहे, पण भीती, उदासी, झोप न लागणं आहे, तर मनोविकारतज्ज्ञ. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार ओपीडीत लैंगिक तक्रारी नेहमी येतात. केसपेपर काढायला फार पैसे लागत नाहीत. समोरासमोर बोलायचं धाडसच होत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

‘सेक्सॉलॉजिस्ट’ अशी पाटी दिसली तर पाटीखालची पदवी वाचा. एम.बी.बी.एस.च्या पुढे काय शिक्षण आहे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहा. गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिलचा. चांगले डॉक्टर हे विचारल्यावर रागावत नाहीत.

भिंतीवरच्या, पेपरातल्या आणि मोबाइलवरच्या जाहिरातींबद्दल एवढं पुरे: १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने लैंगिक शक्ती वाढवून देण्याच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे, आणि नपुंसकत्व त्या कायद्याच्या आजारांच्या यादीत आहे. म्हणजे जो जाहिरात करतो, तो पहिल्या ओळीतच कायदा मोडतो. त्यांची ‘जडीबुटीची’ पुडी तासाभरात असर दाखवते तेव्हा तर जास्त सावध व्हा. वनस्पती तासाभरात ताठरता देत नाही. अशा पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, तेही किती, ते न लिहिता. हृदयरोग्याच्या पोटात ते गेलं तर काय होतं, ते पुढे येईलच.

तपासणीच्या दिवशी

पहिलं वाक्य घरीच ठरवून जा. ‘डॉक्टर, गेले पाच महिने संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही, सकाळचीही कमी झाली आहे.’ एवढं म्हणालात की पुढचं डॉक्टर विचारतील. सर्दी-खोकल्यासाठी येऊन दारातून बाहेर पडताना हळूच विचारायचं, असं करू नका. तेव्हा पुढचा पेशंट आत आलेला असतो.

सोबत न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप (आयुर्वेदिक आणि जिममधल्या पावडरीही), जुने अहवाल, नोंदीचं पान. डॉक्टर कदाचित पाच प्रश्नांची छापील प्रश्नावली देतील. तिचे गुण ५ ते २५ येतात. २२ किंवा जास्त म्हणजे ठीक, १७ ते २१ सौम्य, ७ किंवा कमी म्हणजे तीव्र. उत्तरं खरी द्या. दारू, तंबाखू आणि बाहेरचे संबंध यांबद्दलही.

बीपी, पोटाचा घेर, पायातली नाडी पाहतात, वृषण आणि लिंग हाताने तपासतात. दोन मिनिटांचं काम आहे. ही तपासणी न करताच लांबलचक औषधांची यादी हातात दिली, तर दुसरं मत घ्या.

रक्ताच्या तपासण्या मोजक्या लागतात: उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन). एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. टेस्टोस्टेरॉनची गंमत अशी की ते सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. रक्त सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान, उपाशीपोटी द्या. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दिलेल्या रक्तात ते कमी दिसतं आणि नको ती इंजेक्शनं सुरू होतात. डेसिलीटरमागे ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायचं; दोन्हीदा कमी आलं तरच पुढे एलएच आणि प्रोलॅक्टिन ही मेंदूतल्या पीयूष ग्रंथीची हार्मोन तपासायची. मूल हवं असेल तर हे आधीच सांगा, कारण बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतू बनणं थांबतं. पातळी मुळात नीट असेल तर ते घेऊन ताठरता वाढत नाही.

लिंगातला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी सगळ्यांना लागत नाही. तरुण वयात मार लागलेला असेल, गोळ्यांचा उपयोग होत नसेल, शस्त्रक्रियेचा विचार असेल, तेव्हाच. ती इंजेक्शन देऊन करतात, आणि अनोळखी खोलीत घाबरलेल्या माणसाची शीर ‘गळते’ असा चुकीचा अहवाल येऊ शकतो. एवढ्या एका कागदावरून शस्त्रक्रियेला हो म्हणू नका.

गोळी

सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या आपल्याकडे सहज मिळणाऱ्या दोन गोळ्या. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या आहेत. मेडिकलवाला न विचारता देतो म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत.

सगळ्यात आधी हे वाचा. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असाल, नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे किंवा पट्टी वापरत असाल, मोनोनायट्रेट किंवा निकोरँडिलच्या गोळ्या चालू असतील, तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. दोन्ही मिळून रक्तदाब इतका खाली जातो की जीव जाऊ शकतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डब्यातली सॉर्बिट्रेट तोंडात टाकू नका. १०८ ला फोन करा आणि येणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि वेळ सांगा. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. बायकोसमोर किंवा मुलासमोर लाज वाटली तरी हे लपवू नका.

हृदय संबंधाचा ताण झेलेल का, याची ढोबळ कसोटी अशी: सपाट रस्त्यावर २० मिनिटांत दीड किलोमीटर चालून लगेच दोन जिने भरभर चढता आले आणि छातीत दुखलं नाही, धाप फार लागली नाही, तर सहसा हरकत नसते. नुकताच हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा काबूत नसलेलं बीपी असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञ.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर चक्कर येऊ शकते. डॉक्टर कमी मात्रेपासून सुरुवात करतील आणि दोन गोळ्यांत अंतर ठेवायला सांगतील. इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, एचआयव्हीवरचं रिटोनाविर यांच्यामुळे सिल्डेनाफिल अंगात साठून राहतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर जरूर सांगा; विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे, आणि त्यात ताठरता उतरतच नाही असा धोका असतो.

आता घ्यायची कशी:

१. सिल्डेनाफिल सहसा ५० मिलिग्रॅमने सुरू करतात. वय ६५ च्या पुढे किंवा यकृत, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर २५. जास्तीत जास्त १००, तेही २४ तासांत एकदाच.

२. संबंधाच्या साधारण एक तास आधी, पोट हलकं असताना. बिर्याणी किंवा तळलेलं जेवण झाल्यावर घेतली तर असर उशिरा आणि कमी होतो. गुण न येण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. जेवण हलकं ठेवा किंवा जेवणानंतर दोन तास जाऊ द्या.

३. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही. १० मिलिग्रॅमने सुरुवात, गरज पडली तर २०. निदान दोन तास आधी घ्या. असर ३६ तासांपर्यंत राहतो. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा संबंध होत असतील तर डॉक्टर रोज ५ मिलिग्रॅमची छोटी गोळी देतात. घड्याळ पाहायची गरज नसते, म्हणून भित्र्या मनाला ती जास्त मानवते.

४. गोळी घेऊन टीव्हीसमोर बसल्याने काही होणार नाही. उत्तेजना लागतेच, कारण नायट्रिक ऑक्साइड आधी सुटावा लागतो. गोळी फक्त पुढचं रसायन टिकवते.

५. दारू एखाद्या पेगपुरतीच, नको तर उत्तमच. जास्त झाली की गोळी हरते आणि बीपी उतरतं.

६. एकदा नाही जमलं म्हणून सोडू नका. योग्य पद्धतीने, योग्य मात्रेत सहा ते आठ वेळा घेतल्यावरच ‘चालत नाही’ म्हणायचं.

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, आम्लपित्त हे काही तासांत जातं. सिल्डेनाफिलने थोडा वेळ निळसर दिसतं, टाडालाफिलने पाठ दुखते. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं किंवा ऐकू येईनासं झालं तर गोळी बंद आणि थेट रुग्णालय. ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली तर ते कौतुकाचं नाही. आतलं रक्त शिळं होऊन पेशी मरतात आणि पुढे कायमची ताठरता जाऊ शकते. रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठा.

दोन गोळ्या एकत्र करू नका. आणि ‘टायमिंग’साठी मिळणाऱ्या सिल्डेनाफिल-डॅपॉक्सेटिनच्या जोडगोळ्या ताठरतेच्या तक्रारीवर स्वतःहून घेऊ नका, डॅपॉक्सेटिनने भोवळ येते.

दोघांची भीती

गोळी चालू असो वा नसो, पत्नीला सांगितलं पाहिजे. न सांगितल्यास ती बहुधा दोनपैकी एक अर्थ लावते: आपण नकोशा झालो, किंवा बाहेर कोणी आहे. ‘मला तू हवी आहेस, शरीर साथ देत नाही, मी डॉक्टरांना दाखवतोय’ एवढं अंथरुणाबाहेर, दिवसा, चहा घेताना सांगा. अपयशानंतरच्या त्या पाच मिनिटांत हा विषय काढू नका.

भीतीसाठी मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० च्या सुमारास रूढ केलेली स्पर्शाची पद्धत आजही वापरतात. पहिले दोन आठवडे संबंध पूर्ण बंद, ताठरता आली तरी. आठवड्यातून दोन-तीनदा, २०-३० मिनिटं, एकमेकांच्या अंगावरून हात फिरवायचा, छाती आणि गुप्तांग सोडून. पुढचे दोन आठवडे त्यांनाही स्पर्श, पण ताठरता आली तर तिला जाऊ द्यायचं आणि पुन्हा येऊ द्यायचं. गेलेली परत येते, हे शरीराला इथेच कळतं. प्रवेश त्यानंतर, तोही आधी हालचालीशिवाय. पद्धत फसते ती एकाच जागी: दुसऱ्याच दिवशी ताठरता छान आली म्हणून जोडपं नियम मोडतं, त्या वेळी जमत नाही, आणि भीती दुप्पट होऊन बसते. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात एवढा एकांत मिळणं कठीण असतं. तिथे डॉक्टर वेळापत्रक सैल करून देतात.

व्यायाम आणि वजन

आठवड्यातून चार दिवस, ४० मिनिटं, दम लागेल इतक्या वेगाने चालणं किंवा सायकल. सहा महिने. याचा पुरावा चांगला आहे. इटलीत स्थूल पुरुषांवर झालेल्या २००४ च्या अभ्यासात आहार आणि व्यायामाने वजन उतरवलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणांची ताठरता गोळीशिवाय पूर्ववत झाली. सायकलची सीट टोकदार असेल आणि खाली बधिर वाटत असेल तर रुंद, मधून खाच असलेली सीट घ्या.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही बळकट करा: वायू आणि लघवी एकाच वेळी रोखल्यासारखे आवळायचे, १० सेकंद धरायचे, १० सेकंद सोडायचे. झोपून तीन वेळा, बसून तीन वेळा, उभं राहून तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. पोट आणि मांड्या आवळल्या जात असतील तर चुकतंय. फरक दिसायला तीन महिने लागतात.

गोळी चाललीच नाही तर

व्हॅक्यूम पंप हा सर्वांत कमी जोखमीचा उपाय. लिंगावर जेल लावून नळी बसवायची, हवा हळूहळू काढायची, रक्त भरलं की मुळाशी रबरी रिंग सरकवायची. रिंग ३० मिनिटांच्या वर ठेवायची नाही आणि ती लावून झोपायचं नाही. लिंग थोडं गार आणि निळसर होतं, ते अपेक्षित आहे. दाब मर्यादेत ठेवणारा झडपेचा पंपच घ्या. स्वस्त पंपांनी काळेनिळे डाग पडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा.

इंजेक्शनचं नाव ऐकून लोक दचकतात, पण सुई इन्सुलिनसारखी बारीक असते. लिंगाच्या बाजूला अल्प्रोस्टॅडिल किंवा पॅपाव्हेरिनचं मिश्रण टोचतात. ५ ते २० मिनिटांत ताठरता येते. पहिली मात्रा क्लिनिकमध्येच घ्यायची, कारण ती कोणाला किती लागेल ते आधी सांगता येत नाही. आठवड्यात तीनपेक्षा जास्त नको, बाजू दर वेळी बदलायची, आणि चार तासांचा नियम इथे अधिकच कडक. मधुमेहात गोळ्या हरल्यावरही हे बऱ्याचदा चालतं.

शेवटचा उपाय इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने लिंगात बसवलेला कृत्रिम आधार. दोन प्रकार: वाकवता येणाऱ्या कांड्यांचा आणि अंडकोशात पंप असलेला, फुगवायचा. मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी घडवलेला कांड्यांचा देशी ‘शाह’ इम्प्लांट परदेशी फुगवायच्या प्रकारापेक्षा बराच स्वस्त पडतो. संवेदना आणि वीर्यस्खलन पूर्वीसारखंच राहतं. पण आतला स्पंज बाजूला सारला जातो, त्यामुळे नैसर्गिक ताठरता पुन्हा येत नाही. जंतुसंसर्ग झाला तर इम्प्लांट काढावा लागतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी साखर काबूत हवी. सर्जनला विचारा: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, संसर्ग झाला तर खर्च कोणाचा, संबंध किती आठवड्यांनी?

शॉकवेव्ह (लिंगावर सौम्य ध्वनिलहरींचे धक्के), पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची इंजेक्शनं), स्टेम सेल (मूळ पेशींची इंजेक्शनं) यांची पॅकेजं जोरात विकली जातात. शॉकवेव्हचा सौम्य तक्रारीत थोडा उपयोग दिसतो, पण तो किती टिकतो हे पक्कं नाही. बाकी दोन संशोधनाबाहेर पैसे देऊन घेऊ नयेत.

दुसरी भेट चार ते सहा आठवड्यांनी ठेवा. नोंदीचं पान, संपलेली स्ट्रिप, गोळी किती वाजता आणि जेवणानंतर किती वेळाने घेतली हे लिहिलेला कागद न्या. मात्रा वाढवायची की गोळी बदलायची, हे त्यावरूनच ठरतं. पत्नी तयार असेल तर तिलाही सोबत न्या. ती बाहेर बाकावर बसली तरी हरकत नाही, गरज लागली तर डॉक्टर आत बोलावतात. एचबीए१सी पुन्हा तीन महिन्यांनी.